कोरोनाकाळातील शेतकरी मदत: यादी मागण्याचा हक्क आणि ती तपासण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरोनाकाळात शेतकऱ्यांच्या खात्यांत सरकारने थेट जमा केलेल्या रकमेची गावनिहाय यादी एका ग्रामपंचायत सदस्याने माहिती अधिकारात मागितली. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे एक वाक्य लिहून तालुक्याच्या कार्यालयाने अर्ज निकाली काढला. नोकरदारांच्या घरी हप्ते गेले आणि कसणाऱ्यांचे अडकले, अशी गावात चर्चा आहे. तेव्हा अशी यादी मागण्याचा हक्क आहे का, ती मिळाली तर तिच्यातून काय सिद्ध होते, आणि शेजाऱ्याच्या खात्यात किती पैसे आले हे सगळ्यांना कळणे योग्य आहे का, असे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

शासकीय योजनांच्या हिशेबतपासणीत आणि सामाजिक अंकेक्षणात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर देतो. हक्क आहे, आणि तो कायद्याच्या अक्षरातच आहे. मात्र नावांची यादी हाती आली म्हणजे पारदर्शकता आली, हा समज मला मान्य नाही. रक्कम, तारीख, पात्रतेचा आधार आणि नाकारलेल्यांची नावे व कारणे नसलेल्या यादीवरून गावात भांडणे लागतात, पण चूक सापडत नाही.

सुरुवातीला हा पैसा नेमका कोणता होता ते पाहावे लागेल, कारण माहिती मागताना इथेच पहिला गोंधळ होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी २,००० रुपये देण्याची घोषणा होती. हे दोन हजार म्हणजे प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा (पीएम किसानचा) एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळत होतेच. महामारीमुळे त्यातला एक हप्ता लवकर आला, वार्षिक रकमेत एका रुपयाचीही वाढ झाली नाही. हातात रोकड नसलेल्या घराला हप्ता वेळेआधी मिळणे मोलाचे होते, हे मी नाकारत नाही. पण हिशेबाच्या भाषेत ही नवी तरतूद नव्हती, आधीच्या तरतुदीतील रक्कम अगोदर वितरित झाली होती. त्यामुळे ‘कोरोना मदतीची यादी द्या’ असा अर्ज केला तर ‘अशी कोणतीही योजना या कार्यालयामार्फत राबविण्यात आलेली नाही’ असे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आणि व्यवहारात निरुपयोगी उत्तर येऊ शकते. अर्जात योजनेचे नाव आणि हप्त्याचा कालावधी लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

सरकारी पातळीवरच्या पारदर्शकतेचा पहिला प्रश्नही इथेच उभा राहतो. जाहीर झालेल्या पॅकेजमधला नवा पैसा किती, पुढे ओढलेला किती आणि केवळ कर्जाच्या स्वरूपातला किती, हे घोषणेबरोबरच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. लाभार्थ्यांच्या यादीवर आपण तुटून पडतो आणि योजनेच्या बेरजेकडे पाहायचे राहून जाते.

अमेरिकेत याच काळात वेगळा मार्ग घेतला गेला, आणि तुलनेसाठी तो उपयोगी आहे. तेथील कृषी खात्याने एप्रिल २०२० मध्ये कोरोना विषाणू अन्न साहाय्य कार्यक्रम जाहीर केला. त्याची एकूण व्याप्ती १९ अब्ज डॉलरची होती आणि त्यातले १६ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना व पशुपालकांना थेट देण्यासाठी होते. सप्टेंबरमध्ये सुमारे १४ अब्ज डॉलरचा दुसरा टप्पा आला. हा खरोखर नवा पैसा होता. तो पीक, जनावरांची संख्या आणि बाजारभावातील घसरण यांच्या प्रमाणात मिळत होता, आणि एका व्यक्तीसाठी अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. साहजिकच मोठ्या शेतीला मोठी रक्कम मिळाली. आपल्याकडे दोन गुंठेवाल्यालाही दोन हजार आणि वीस एकरवाल्यालाही दोन हजार. म्हणजे आपल्या योजनेत ‘कोणाला’ हा प्रश्न कळीचा ठरतो, तर त्यांच्या योजनेत ‘किती’ हा. काय जाहीर करायला हवे हे योजनेच्या रचनेवर ठरते. एकसमान रकमेच्या योजनेत पात्रतेचा आधार उघड नसेल, तर रक्कम उघड असून फारसा उपयोग नाही.

अमेरिकेतील कायदेशीर तोडगाही सांगण्याजोगा आहे. २००८ च्या तेथील शेतीविषयक कायद्याने शेतकऱ्याच्या जमिनीची आणि शेतीपद्धतीची त्याने सरकारला दिलेली माहिती उघड करण्यावर निर्बंध घातले, पण सरकारी देयकांची रक्कम आणि ती घेणाऱ्यांची नावे त्या निर्बंधाबाहेर ठेवली. शेतकरी शेती कशी करतो ही त्याची बाब, सरकारी तिजोरीतून त्याला काय मिळाले ही सर्वांची बाब, अशी ही विभागणी आहे. याच आधारावर तेथील स्वयंसेवी संस्था कृषी खात्याकडून देयकांची माहिती मिळवतात आणि नाव टाकून शोधता येईल अशा स्वरूपात मांडतात.

आता आपला कायदा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या बाबी दिल्या आहेत. त्यातील बारावी बाब आहे अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, त्यासाठी वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील. म्हणजे ही माहिती मागण्याचीही गरज पडू नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कलम ४(४) त्याहून पुढे जाते. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने पोहोचवावी, असे ते सांगते, आणि सूचनाफलक व जाहीर दवंडीसारख्या मार्गांचाही त्यात समावेश होतो. पोर्टलवर यादी आहे एवढ्याने ही जबाबदारी संपत नाही. पीएम किसानच्या मूळ मार्गदर्शक सूचनांतही गावपातळीवर याद्या प्रसिद्ध कराव्यात आणि वगळल्या गेलेल्या पात्र कुटुंबांना बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे म्हटले आहे. गाव निवडून लाभार्थ्यांची नावे पाहण्याची सोय केंद्राच्या पोर्टलवर पूर्वीपासून होती. ज्या सरकारने नावे आपणहून जगासमोर ठेवली, त्याच सरकारच्या तालुका कार्यालयाने तीच नावे गोपनीय ठरवावीत, यातला विरोधाभास अपिलात मांडला तर तो खोडणे कोणालाही अवघड जाईल.

तरीही ‘वैयक्तिक माहिती’ हे उत्तर आता वाढत जाणार आहे, आणि त्यामागे कायद्यातला ताजा बदल आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) खाली माहिती नाकारताना ती वैयक्तिक तर असावी लागेच, शिवाय तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसावा किंवा ती उघड केल्याने खासगीपणात अवाजवी शिरकाव व्हावा, हेही दाखवावे लागत होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ही वाक्यरचना छाटली आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. माझ्या मते हा बदल माहितीच्या अधिकाराला मागे नेणारा आहे, कारण संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे त्या कलमातले मोलाचे परंतुकही त्यात गेले.

पण दरवाजा बंद झालेला नाही. कलम ८(२) अजून जागेवर आहे आणि त्यानुसार हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कलम ४ मध्ये बदल झालेला नाही. डेटा संरक्षणाचा नवा कायदाही आपल्या कलम ३ मध्ये असे म्हणतो की, एखाद्या कायद्याने ज्याच्यावर माहिती जाहीर करण्याचे बंधन आहे त्याने ती जाहीर केली असेल, तर त्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील जाहीर करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ घालतेच. ही साखळी जोडून अपिलात मांडली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम १० चाही आधार घ्यावा, कारण कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा झाकून उरलेला देणे हे त्या कलमाचे सांगणे आहे. आधार क्रमांक आहे म्हणून संपूर्ण यादीच नाकारणे कायद्यात बसत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मात्र नुसता कार्यालयीन बहाणा म्हणून उडवून लावू नये. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिले की, रोजगार हमी आणि निवृत्तिवेतनाच्या योजनांसह काही सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे तेरा कोटी लोकांचे आधार क्रमांक उघड झाले होते, आणि त्यांतल्या अनेकांबरोबर बँक खात्यांचे तपशीलही होते. पारदर्शकतेच्या नावाखाली झालेला तो निव्वळ निष्काळजीपणा होता. नाव, गाव, रक्कम, हप्त्याची तारीख आणि पात्रतेचा आधार यापलीकडची माहिती सार्वजनिक यादीत असण्याचे कारण मला दिसत नाही. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक, जात, आजार यांतली एकही गोष्ट फलकावर येता कामा नये. मोबाइल क्रमांकाचा मी मुद्दाम उल्लेख करतो, कारण हप्त्याच्या आठवड्यात ‘केवायसी’च्या नावाने येणारे फसवणुकीचे फोन अशाच याद्यांच्या आधाराने येतात.

युरोपने या पेचावर न्यायालयात वाद घातला आणि तो वाद वाचण्यासारखा आहे. युरोपीय महासंघात शेती अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि रक्कम प्रसिद्ध करण्याचा नियम होता. जर्मनीतील हेसन राज्यातल्या शेतकऱ्यांनी त्याला आव्हान दिले आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने, रक्कम किती, किती काळ, कशासाठी असा कोणताही भेद न करता व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करणे प्रमाणाबाहेरचे आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर नवा नियम आला आणि अगदी लहान रकमेच्या लाभार्थ्यांची नावे प्रसिद्धीतून वगळली गेली, मोठ्यांची राहिली. हा तोडगा आपल्याकडे जसाच्या तसा चालेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे जवळपास सगळ्याच रकमा लहान आहेत, त्यामुळे उंबरठा लावला तर यादीच उरणार नाही. शिवाय चुकीचे नाव यादीत घुसते ते बहुधा गावातच, आणि ते ओळखू शकणारेही गावातच असतात. त्यापेक्षा यादी गावापुरती संपूर्ण ठेवावी आणि देशभरातून नाव टाकून कोणालाही शोधता येईल अशी सोय मात्र देऊ नये, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

यादीने काय पकडता येते आणि काय नाही, याचा उत्तम धडा पीएम किसानच्याच आकड्यांत आहे. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या स्वयंसेवी संस्थेचे वेंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात मिळवलेले आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते की, जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये दिले गेले होते. पंजाब, आसाम आणि महाराष्ट्र या राज्यांतली संख्या सर्वाधिक होती. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरात हा आकडा ४२ लाख १६ हजार शेतकरी आणि २,९९२ कोटी रुपयांवर गेला होता.

इथे साधा भागाकार करून पाहावा. पहिल्या आकड्यात दरडोई सुमारे ६,६६० रुपये येतात, म्हणजे तीन हप्त्यांहून अधिक. एका अपात्र खात्यावर सरासरी वर्षभर पैसे जात राहिले आणि ते थांबले नाहीत. ‘महामारीच्या घाईत चुका झाल्या’ हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते, कारण यातले बरेचसे हप्ते टाळेबंदीच्या आधीचेच असले पाहिजेत. घाईने जुन्या चुकीवर आणखी एक हप्ता चढवला, एवढेच म्हणता येईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नायक यांना मिळालेल्या माहितीनुसार या अपात्रांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक जण आयकर भरणारे होते आणि उरलेले इतर निकषांवर अपात्र होते. हे दोन गट पकडण्याची साधने पूर्णपणे भिन्न आहेत. कोण आयकर भरतो हे चावडीवर बसलेल्या कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता येऊही नये. ते आयकर विभागाला माहीत असते, त्यामुळे तिथे कृषी आणि आयकर या दोन विभागांच्या नोंदी पैसे सोडण्याआधी ताडून पाहणे हाच इलाज आहे. ते काम उशिरा झाले, याचा दोष लाभार्थ्यावर टाकण्याआधी यंत्रणेने स्वतःकडे घ्यायला हवा. उलट, मयत खातेदार, जमीन विकून गेलेला माणूस, सरकारी नोकरीतला किंवा मोठे निवृत्तिवेतन घेणारा, एकाच कुटुंबातले पतिपत्नी दोघेही लाभ घेणारे, हे सगळे आयकर विभागाच्या संगणकाला दिसत नाहीत, पण गावाला दिसतात. वर्षातून एकदा यादीचे चावडीवाचन झाले असते तर या दुसऱ्या गटातला मोठा भाग पहिल्या दोन हप्त्यांतच गळला असता, असे माझे मत आहे. २०१७ च्या राज्य कर्जमाफीत अर्जांचे चावडीवाचन झाले होते, म्हणजे ही रीत महाराष्ट्राच्या प्रशासनाला अपरिचित नाही. एप्रिल २०२० मध्ये मात्र ग्रामसभा भरवणेच शक्य नव्हते, आणि अनेक राज्यांत माहिती आयोगांच्या सुनावण्याही थांबल्या होत्या. पैसा सर्वांत वेगाने वाहत असताना तपासणीचे दोन्ही मार्ग बंद होते.

तामिळनाडूत ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीस आलेला गैरव्यवहार या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. नोंदणी सुलभ केल्याचा आणि अधिकाऱ्यांच्या लॉगिनचा गैरवापर करून काही जिल्ह्यांत अपात्र व्यक्तींची हजारोंनी नोंदणी झाली. राज्य सरकारने अपात्रांची संख्या साडेपाच लाखांच्या आसपास आणि रक्कम सुमारे ११० कोटी रुपये सांगितली. कंत्राटी कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, अटका झाल्या, वसुली सुरू झाली. अशा प्रकरणात गावाच्या फलकावरची यादी उशिरा कामी येते. त्याऐवजी तालुकानिहाय नव्या नोंदणीचा महिन्याचा आकडा कोणालाही पाहता येईल असा ठेवलेला असता, तर काही जिल्ह्यांतला अचानक आलेला फुगवटा एखाद्या वार्ताहराच्या किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्याही नजरेत आला असता. त्यात कोणाचेही नाव नसते, कोणाच्या खासगीपणाचा प्रश्न येत नाही, आणि तरी आकड्यांची ही पारदर्शकता आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. राजस्थानने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेले जन सूचना पोर्टल या दिशेने केलेला बरा प्रयत्न म्हणता येईल. पंचायत आणि प्रभाग पातळीपर्यंतची अनेक योजनांची माहिती तिथे अर्ज न करता पाहता येते.

आतापर्यंत अपात्रांबद्दल लिहिले, कारण बातम्या त्यांच्याच होतात. तपासणीत मला अधिक खटकते ती दुसरी बाजू, पात्र असून वगळलेल्यांची. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३ मध्ये आला. ९०,५७६ खात्यांची नमुना तपासणी झाली आणि त्यातल्या २२.३२ टक्के प्रकरणांत त्रुटी आढळल्या. लाभ न मिळालेल्यांची ९,३३४ खाती वेगळी तपासली, तेव्हा त्यातली १,२५७ खाती पात्र होती. म्हणजे नाकारलेल्या दर शंभरात तेरा-चौदा जणांवर अन्याय झाला होता आणि त्यांची यादी कुठेच लागली नव्हती. लाभ मिळालेल्या तपासलेल्या खात्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कर्जमाफीचे प्रमाणपत्र शेतकऱ्याला दिल्याचा पुरावाच नव्हता. लाभ मिळाला की नाही हे खुद्द शेतकऱ्याला लेखी कळवलेले नाही, तर शेजाऱ्याने यादी पाहून काय करायचे?

पीएम किसानमध्ये वगळले जाण्याची कारणे आणखी तांत्रिक आहेत. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नाही, वारसाची फेरफार नोंद प्रलंबित आहे, ई-केवायसी राहिली आहे. यातले कोणतेही कारण ‘हा शेतकरी नाही’ असे सांगत नाही, कागद अडला आहे एवढेच सांगते. पोर्टलवर अशा माणसाला इंग्रजीत एक स्थितीसंदेश दिसतो आणि त्याचा अर्थ समजून घेण्यासाठी त्याला सेवा केंद्रावर पैसे मोजावे लागतात. म्हणून मंजूर यादीच्या शेजारी प्रलंबित आणि नामंजूर यादी मराठीत, कारणासह आणि ते कारण दूर करण्याचा अधिकार कोणाचा हे लिहून लावली गेली पाहिजे. बटाईने किंवा खंडाने जमीन कसणारे तर या दोन्ही याद्यांच्या बाहेर आहेत, कारण योजना जमिनीच्या नोंदीवर चालते. टाळेबंदीत ज्यांचा भाजीपाला शेतात सडला त्यांतले कित्येक याच गटातले होते, आणि कितीही पारदर्शक यादी त्यांना दाखवू शकत नाही.

महाराष्ट्रात याच काळात राबवलेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची प्रक्रिया मला या दृष्टीने सरस वाटते. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांतील १५,३५८ शेतकऱ्यांची पहिली यादी लागली. यादीत नाव आलेल्या शेतकऱ्याने सेवा केंद्रावर किंवा बँकेत जाऊन आधार प्रमाणीकरण करायचे, समोर दिसणारी कर्जाची रक्कम मान्य आहे की नाही हे नोंदवायचे, आणि मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे तक्रार जायची. म्हणजे पैसे सुटण्यापूर्वी ज्याचा हिशेब आहे त्याच्याकडून तो तपासून घेतला जात होता. टाळेबंदीमुळे हे प्रमाणीकरण मध्येच थांबले आणि लाखो खाती लटकली, ही महामारीची खरी झळ होती. पण प्रक्रियेचा क्रम योग्य होता आणि तो इतर योजनांनी उचलायला हवा.

वसुलीबद्दल सावधगिरीचा एक शब्द. अपात्र ठरलेल्यांची नावे फलकावर लावण्याची घाई मला पटत नाही. मंजुरी यंत्रणेने दिली, तपासणी यंत्रणेने केली नाही, आणि शिक्षा मात्र गावासमोर शेतकऱ्याला, असे होता कामा नये. आधी लेखी नोटीस, त्यात अपात्रतेचे नेमके कारण, उत्तर देण्यासाठी वाजवी मुदत, आणि निर्णय अंतिम झाल्यावरच नाव व वसूल रक्कम प्रसिद्ध, असा क्रम असावा. आयकर भरला म्हणून अपात्र ठरलेल्याच्या बाबतीत फलकावर ‘निकषानुसार अपात्र’ एवढेच लिहावे, कारण कराचा तपशील गावाच्या कामाचा नाही. गावात जुने वैर असले की यादी हत्यार बनते, हेही मी पाहिले आहे. निनावी तक्रारीवर कोणाचाही हप्ता रोखू नये, अशी शिफारस मी त्यामुळेच नेहमी करतो.

आता प्रत्यक्ष कृती. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून सगळे प्रश्न एकाच अर्जात कोंबू नयेत. पहिल्या अर्जात योजनेचे नाव, गाव, आणि एप्रिल ते जुलै २०२० व त्यापुढील दोन हप्त्यांचा कालावधी लिहून नाव, रक्कम आणि जमा झाल्याची तारीख मागावी. आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक कलम १० नुसार वगळावेत, असे आपणच लिहून द्यावे. नकाराचे नेहमीचे कारण त्यामुळे आधीच संपते. दुसऱ्या अर्जात त्याच गावातील प्रलंबित व नामंजूर प्रकरणांची संख्या आणि कारणे मागावीत. तिसऱ्यात प्रत्यक्ष पडताळणीसाठी निवडलेल्या लाभार्थ्यांची संख्या, पडताळणीची तारीख आणि निष्कर्षाची प्रत मागावी. योजनेत पाच टक्के लाभार्थ्यांच्या प्रत्यक्ष पडताळणीची तरतूद आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत बोलका कागद हाच असतो. तो नसेल, किंवा सगळ्या निष्कर्षांवर एकच शाई आणि एकच तारीख असेल, तर पुढचे काही विचारावे लागत नाही.

हे काम महसूल विभागाचे की कृषी विभागाचे यावरून राज्यात बराच काळ वाद चालला, त्यामुळे अर्ज इकडून तिकडे फिरण्याची शक्यता असते. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे, अर्जदाराचे नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करावे आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. या प्रकरणात नकार आलेलाच आहे, म्हणून त्याची तारीख पाहून प्रथम अपील लगेच दाखल करावे आणि त्यात तीन आधार द्यावेत: कलम ४(१)(ख) ची बारावी बाब, कलम ८(२) चे सार्वजनिक हित आणि केंद्राच्या पोर्टलवर गावनिहाय दिसणारी नावे, ज्यांची छापील प्रत तारखेसह सोबत जोडावी. अपील प्रलंबित असतानाच पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘पीएम किसान लाभार्थी व प्रलंबित प्रकरणांचे वाचन’ हा विषय घालण्यासाठी सरपंचांना लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. यादी ग्रामसभेत वाचली गेली तर अडकलेल्यांची नावे आणि कारणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, कारण जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे तोंडी तक्रारीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावाची प्रत अधिक वजनदार ठरते.